गाव, स्टेशन आणि मधली वाट

शाळेच्या हस्तकलेच्या खोलीत, पश्चिमेकडील खिडकीखाली, आठ फूट लांब व दोन फूट रुंद असे एक जुने टेबल आहे. पूर्वी त्यावर भूगोलाचे नकाशे पसरीत. अलीकडे मात्र मोडके बाक, फुटके पृथ्वीगोल व क्रीडादिनाचे झेंडे यांचीच तेथे वस्ती असे. गेल्या जून महिन्यात मुख्याध्यापकांनी ते टेबल आमच्या स्वाधीन केले आणि सोबत एक अट घातली : स्नेहसंमेलनापर्यंत त्यावर जे काही उभे राहील ते पाहण्याजोगे असावे, आणि त्यापायी शाळेच्या तिजोरीस भोक पडू नये. तेव्हापासून आठवी-नववीतील अकरा मुले-मुली व आम्ही दर शनिवारी शाळा सुटल्यावर त्या टेबलाभोवती जमतो. त्यावर अद्याप एकही गाडी धावलेली नाही. नुसता आराखडा करण्यातच पावसाळा सरला. परंतु त्या आराखड्याने आम्हां सर्वांस, आणि विशेषतः आम्हांस, जे शिकविले ते पालकांच्या कानी घालावे असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहोत.

मूळ कल्पना आमची नव्हे. मागील वर्षीच्या सहलीत पुण्यास गेलो असता कोथरूड येथील लघु-रेल्वे संग्रहालय पाहण्याचा योग आला. भाऊ जोशी यांनी जन्मभराच्या छंदातून उभारलेले हे संग्रहालय १९९८ सालापासून लोकांस खुले आहे. दिवे मालवले गेले, छोट्या नगरात दीप लागले आणि चिमुकल्या आगगाड्या धावू लागल्या, तेव्हा एरवी पाच मिनिटे स्वस्थ न बसणारी आमची मुले श्वास रोखून पाहत राहिली. परतीच्या वाटेवर नाशिक रोड ओलांडून बस शहराकडे वळली आणि नेहमीप्रमाणे वाहनांच्या गर्दीत अडकली. दुतर्फा दुकाने, वर उड्डाणपूल, हाताएवढी मोकळी जमीन कोठे दिसेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आपणही एक रेल्वे करू या ना! पण आपल्याच गावची.”

आपल्या गावची म्हणजे कोणती, येथपासून वाद सुरू झाला. मुलांचा कौल एकमुखी होता : कसाऱ्याचा घाट! बोगदे, उंच पूल, आणि घाटात चालणारे ते लांब नाकाचे विजेचे इंजिन, ज्यास रेल्वेची माणसे कौतुकाने खेकडा म्हणत. या जातीतील ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचे एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. त्याचे चित्र एका मुलाने वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटविले होते. आम्ही हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. “हिशेब करा,” एवढेच सांगितले.

छोट्या आगगाड्यांसाठी जगात सर्वांत अधिक प्रचारात असलेले प्रमाण १ : ८७ हे होय, म्हणजे खऱ्या वस्तूचे सत्त्याऐंशी मिलिमीटर तेथे आमचा एक मिलिमीटर. घाटाची लांबी सुमारे पंधरा किलोमीटर. सत्त्याऐंशीने भागिल्यास एकशेबहात्तर मीटर झाली. घाटाची चढण हजारास थोडी कमी इतके फूट. तिची प्रतिकृती जवळजवळ साडेतीन मीटर, म्हणजे इगतपुरीचे स्टेशन आमच्या खोलीच्या छतास जाऊन टेकणार! एकटा एहेगावचा पूल घेऊ म्हटले, तर तो सुमारे साडेसातशे फूट लांब. टेबल आठ फुटांचे आणि पूलच साडेआठ फुटांहून मोठा. आकडे फळ्यावर मांडले गेले तसतशी मुलांची तोंडे उतरत गेली. पण त्याच आकड्यांनी एक गोष्ट हाती दिली. नाशिकपर्यंतचा लोहमार्ग केव्हा झाला याच्या तारखा शोधताना असे आढळले की, मुंबईकडून गाडी १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यास पोहोचली, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस इगतपुरी ते नाशिक हा वरचा मार्गही सुरू झाला. मधला घाट मात्र १८६५ सालचा जानेवारी उजाडेपर्यंत खुला झाला नाही. म्हणजे चार वर्षे खाली एक आगगाडी व वर एक आगगाडी, आणि मध्ये रूळच नाहीत! वरच्या गाडीची इंजिने व डबे घाटरस्त्यानेच चढवून न्यावे लागले असणार. मुलांस याचे मोठे नवल वाटले. आगगाडी म्हणजे जोडणारी वस्तू, अशी त्यांची समजूत. येथे तिच्यातही मध्ये एक तुटलेली जागा होती.

अशीच दुसरी तुटलेली जागा आमच्या अगदी दाराशी होती आणि तिचीच निवड शेवटी झाली. लोहमार्ग आला, पण तो गावात आला नाही. स्टेशन झाले ते गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर. काशीच्या तोडीचे क्षेत्र, देशभरचे यात्रेकरू, आणि त्यांस आगगाडीने आणून सोडावयाचे ते मैलोगणती झाडीच्या पलीकडे! पुढे टांगा किंवा बैलगाडी. ही अडचण दूर करण्यासाठी १८८९ साली एका खासगी कंपनीने नाशिक रोड स्टेशनपासून गावातील मेन रोडवर, जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपाशी, ट्राम आणली. रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. पुढे १८९७ साली सुरू झालेल्या बार्शीच्या प्रसिद्ध छोट्या रेल्वेची होती तेवढीच. दोन डबे आणि ते ओढावयास चार घोडे. दुष्काळ आला, प्लेग आला, कंपनीस तोटा होत गेला, आणि १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती ट्राम बंद पडली. आज मेन रोडवरून जाणाऱ्या शंभर माणसांस विचारले तर नव्याण्णव जणांस येथे कधी ट्राम होती हेच ठाऊक नसावे. मुलांसही नव्हते. घोड्यांची गाडी रुळांवर, हे ऐकून प्रथम ती हसली. मग गंभीर झाली.

हिशेबाने येथे आमची बाजू घेतली. आपल्या मोठ्या रुळांची रुंदी १६७६ मिलिमीटर; सत्त्याऐंशीने भागिल्यास एकोणीस मिलिमीटरांहून किंचित अधिक येते. बाजारात मिळणारे तयार रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरांचे, कारण ते परदेशातील कमी रुंदीच्या मार्गांवरून बेतलेले. त्यांवर आपली गाडी ठेवली की ती उपाशी माणसासारखी अरुंद पायांवर उभी दिसते. उलट ट्रामचे अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर; सत्त्याऐंशीने भागा, पावणेनऊ येतात. आणि त्याहून लहान जातीच्या गाड्यांसाठी नऊ मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात! पाव मिलिमीटराची चूक तर देवदूतसुद्धा क्षमा करतील. ज्या मुलाने हे भागाकार केले त्याने खडू खाली ठेवला तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. गणिताच्या तासास आम्ही त्या कधी ऐकल्या नाहीत.

आता एक कबुली. सुरुवातीचे तीन आठवडे वाया गेले ते आमच्यामुळे. आमच्यापाशी एक जुने इंग्रजी पुस्तक होते. त्यातील प्रमाण १ : ७६ चे, कारण त्या देशात तेच रूढ. आम्ही न पाहता त्यातलाच भाजक घेऊन वाड्यांचे पुठ्ठे कापवून घेतले. डबे एका मापाचे व घरे दुसऱ्या मापाची झाली. “सर, या वाड्याचे दार गाडीतल्या माणसापेक्षा फारच मोठे का?” असे आठवीतल्या एका चिमुरड्याने विचारीपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. अकरा मुलांसमोर चूक कबूल करणे बावीस वर्षांच्या शिक्षकास सोपे नसते. कापलेले पुठ्ठे वाया घालविले नाहीत, एवढेच समाधान; ते उलटे करून टेकड्यांच्या आत भरावयाचे ठरले आहे.

ट्रामची निवड आम्हीच पुढे रेटली यास आणखी एक कारण होते, ते मुलांस उशिरा सांगितले. आमचे आजोबा त्या ट्राममध्ये बसले होते. १९३० साली, वयाच्या आठव्या वर्षी, मनमाडच्या बाजूने आगगाडीने ते आईबरोबर नाशिक रोडला उतरले. शाळेसाठी त्यांस येथे बोर्डिंगात ठेवावयाचे होते. ट्रामने गावापर्यंत, तेथून पायी शरणपूर. आई दुसऱ्या दिवशी परत गेली. त्या प्रवासाविषयी ते एकच वाक्य सांगत : “मी उलट्या तोंडाने बसलो होतो, आणि स्टेशन लहान लहान होत गेले.” एवढेच. आम्ही सोळा वर्षांचे असताना ते वारले. तोपर्यंत हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकले होते, आणि म्हाताऱ्या माणसाचे बोलणे जसे ऐकावयाचे तसेच ऐकले होते.

हे सांगितल्यावर एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, तिने विचारले, “सर, तुमचे आजोबा बसले तेव्हा घोडेच होते ना?”

आम्ही उत्तर देण्यास तोंड उघडले आणि लक्षात आले की हे आम्ही त्यांस कधी विचारलेच नाही. चाळीस वर्षांच्या मार्गाची अखेरची वर्षे होती ती. दिवाणखान्यात आरामखुर्चीवर बसलेला एक साक्षीदार आमच्या घरात सोळा वर्षे होता. डबा उघडा होता की झाकलेला, भाडे किती पडले, वाटेत कोठे थांबले, आई काही बोलली का, यांतील एकही प्रश्न त्यांच्यापुढे गेला नाही. आम्ही इतिहास शिकवितो. त्या दिवशी आम्ही मुलांस लवकर सोडले.

पुढल्या शनिवारी साल ठरले : १८९५. प्लेगच्या आधीचे, ट्राम सहा वर्षांची झालेली, घोडे निःसंशय असलेले. साल ठरले की पुष्कळ गोष्टी आपोआप गळून पडतात, आणि मुलांस हा नियम शिकविणे हेच खरे काम होते. मोटार नाही. विजेचे खांब नाहीत. खेकडा इंजिन नाही. ते १९२८ नंतरचे आणि त्याचा वावर घाटात. यावर दीर्घ सुस्कारे ऐकू आले. स्टेशनवर आगगाडी तरी हवीच, पण वाफेचे योग्य इंजिन आमच्या शक्तीबाहेरचे. तेव्हा युक्ती अशी काढली की, गाडीचे शेवटचे दोन डबे तेवढे फलाटावर दिसावेत आणि पुढची सारी गाडी व इंजिन टेबलाच्या कडेबाहेर, पडद्यामागे, असल्याचे समजावे. केवळ एक हात लांबीचे मोठे रूळ हातांनी बसविले की झाले; मग ते खऱ्या मापाचे, एकोणीस मिलिमीटरांचे करण्यासही अडचण नाही. इंजिनाची शिट्टी पडद्याआडून ऐकू येईल. न दिसणारे इंजिन दिसणाऱ्यापेक्षा मोठे वाटते, असे एका मुलाने म्हटले. आम्ही त्यास शाबासकी दिली. खर्च वाचल्याचा आनंद त्यात किती होता हे सांगत नाही.

घोड्यांचा प्रश्न अद्याप नीट सुटलेला नाही. सोळा मिलिमीटर उंचीचा घोडा पाय हलवीत चालू शकत नाही. मोटर डब्याच्या पोटात राहील, डबाच घोड्यांस पुढे ढकलील, आणि जगात प्रथमच गाडी घोड्याच्या मागे असूनही घोडाच ओढला जाईल. मातीच्या रंगाच्या पातळ पट्टीवर चौघे उभे राहतील. किंचित घसरत चालल्यासारखे दिसतील खरे; यास इलाज सुचल्यास पालकांनी अवश्य कळवावे.

मोठा वाद पेटला तो टेबलाच्या मधल्या भागावरून. एका टोकास स्टेशन, दुसऱ्या टोकास मेन रोडचा तुकडा, चार वाडे, टांग्यांचा अड्डा. मध्ये पाच फूट जागा. ती कोरी ठेवावयाची, असे आम्ही म्हटले. बाभळी, थोडी शेते, नासर्डीवर एक बुटका साधा पूल, बस्स. मुलांस हे पटेना. रिकामी जागा म्हणजे त्यांस अपुरे काम वाटते. एकाने रामकुंड सुचविले, एकाने पांडवलेणी, एकाने द्राक्षमळा. आणि त्या अबोल मुलीने पिशवीतून कागदात गुंडाळलेले काळाराम मंदिर काढून टेबलावर ठेवले. दिवाळीच्या सुटीत वडिलांबरोबर बसून पुठ्ठ्यातून कोरलेले, शिखरासह, महाद्वारासह. इतके सुरेख काम या खोलीत आजवर झाले नव्हते.

आम्ही गप्प राहिलो. मंदिर पंचवटीत, गोदावरीच्या पलीकडे; ट्राम नदीपर्यंतही जात नव्हती. घेतले तर साल, माप, वाट, सारेच खोटे होते. न घेतले तर एका मुलीचे व तिच्या वडिलांचे मन दुखावते. आणि आम्ही कोण, कोणत्या शाळेतले, हे ध्यानात घेता त्या नकाराचा भलता अर्थही कोणी करू शकेल. ते भय मनास शिवले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. शेवटी आम्ही तिला आमची स्वतःची वही दाखविली. तीत पहिल्याच पानावर, सर्वांत आधी, शरणपूरच्या चर्चचे चित्र आम्ही काढले होते. आजोबांची ती जागा. ते टेबलावर असावे अशी आमची फार इच्छा. त्यावर आम्हीच तांबड्या शाईने काट मारली होती, कारण तेही ट्रामच्या वाटेवर नाही. तिने चित्राकडे पाहिले, काटेकडे पाहिले, आणि मंदिर पुन्हा कागदात गुंडाळले. आता ते प्रवेशद्वाराजवळच्या काचेच्या कपाटात ठेवले आहे, बापलेकींच्या नावांसह. आम्ही तिच्या घरी जाऊन वडिलांस सारे सांगितले. त्यांनी चहा दिला आणि नासर्डीचा पूल आपण करून देतो म्हणाले. पेशाने ते गवंडी आहेत. पुठ्ठ्याचा पूल त्यांनी दोन संध्याकाळांत केला.

रिकाम्या जागेचे महत्त्व मुलांस पटले ते पुन्हा आकड्यांनी. खरे आठ किलोमीटर आमच्या प्रमाणात ब्याण्णव मीटर होतात. एका रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणावर आम्ही सुतळीने ब्याण्णव मीटर मोजले. एका टोकास आगपेटीएवढे स्टेशन ठेवले, दुसऱ्या टोकास आगपेटीएवढा वाडा. मुले मधोमध जाऊन उभी राहिली. दोन्हींकडे पाहिले, काही दिसेना. “एवढे लांब होते?” कोणीतरी हळूच म्हटले. घोडे ताशी दहा किलोमीटर धावले असे धरले तरी पाऊण तासाची वाट. त्याच वेगाने आमच्या टेबलावरून ट्राम सव्वा मिनिटात पार होईल. मग त्या वाटेचा लांबपणा दाखवावयाचा कसा?

तोडगा आठवीतल्या त्याच चिमुरड्याने काढला, ज्याने दाराची चूक पकडली होती. मध्ये दाट झाडीची एक रांग उभी करावी. स्टेशनवरून निघालेली ट्राम तिच्या मागे जाऊन दिसेनाशी व्हावी, आणि तेथे आत चक्क थांबून राहावी. पाच मिनिटे. प्रेक्षक वाट पाहतील, कुजबुजतील, बिघडली वाटते म्हणतील. मग ती गावाच्या बाजूने हळूच बाहेर येईल. गणितवाल्या मुलाने यास फसवणूक म्हटले. दोघांचे बराच वेळ वाजले. पाच मिनिटे ठरली आहेत. प्रमुख पाहुण्यांस तीनच मिनिटे थांबवावे की काय, याचा निर्णय मुख्याध्यापक देतील.

सध्या टेबलावर तपकिरी कागद पसरलेला आहे, त्यावर रुळांची रेघ आहे, आणि झाडांसाठी वाळलेल्या तुळशीच्या काड्या घराघरांतून जमत आहेत. पालकांस विनंती एवढीच की, घरात कोणाच्या आजी-आजोबांनी त्या ट्रामविषयी ऐकलेले काही असेल, जुन्या पेटीत तिचे एखादे छायाचित्र असेल, तर मुलांबरोबर पाठवावे. तेवढ्यासाठी मुलांनी आज घरी गेल्यावर मोठ्यांपाशी थोडा वेळ बसावे. वहीत लिहून आणावे. जसे सांगितले तसेच, आपल्या पदरचे न घालता.

गेल्या शनिवारी ट्रामचा पहिला डबा पुठ्ठ्याचा तयार झाला. त्या अबोल मुलीने त्यात मागल्या बाकावर एक चौदा मिलिमीटरांचा मुलगा बसविला, स्टेशनकडे तोंड करून. कोणास काही न सांगता. आम्ही पाहिले आणि चष्मा पुसावयास काढला. तेवढ्यात गणितवाला मुलगा डब्यावर ओणवला.

“सर, हे चालणार नाही. आपले साल १८९५. तुमचे आजोबा तेव्हा जन्मलेलेच नव्हते.”

नियम आमचाच होता. आम्ही त्या मुलीकडे पाहिले.

“हा त्यांचा आजोबा नाही,” ती म्हणाली, “दुसरा मुलगा आहे.” आणि डिंक वाळेपर्यंत बोटाने त्यास धरून राहिली.